कोरलची टूलबार स्क्रीनवर उमटून राहिलीय, पॅनल गेलं समजायचं का?

पत्रिकावाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं, निवडणूक लागली की पत्रकं. डिझाइन माझं, प्लेट बाहेरून, छपाई शेजारच्या प्रेसमध्ये.

मागच्या दिवाळीच्या आधी २७ इंची आयपीएस मॉनिटर घेतला. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत त्यावर कोरलच (कोरलड्रॉ, डिझाइनचं सॉफ्टवेअर) असतं. डावीकडे टूलबॉक्स, उजव्या कडेला रंगांची उभी पट्टी, वर प्रॉपर्टी बार. एप्रिलपासून असं व्हायला लागलंय की कोरल खाली घेऊन दुसरं काही उघडलं तरी ही सगळी चौकट तिथंच फिकट दिसत राहते. रंगांच्या पट्टीतले चौकोनसुद्धा मोजता येतात. करड्या रंगावर सगळ्यात ठळक, पांढऱ्यावर कमी, काळ्यावर जवळजवळ नाहीच.

नुसतं दिसतंय एवढ्यावर भागलं असतं तर मी विचारलंही नसतं. पण पत्रिकेच्या मागे आम्ही गणपती नाहीतर कलश फिकट टाकतो, ६ ते ८ टक्के टिंटमध्ये, म्हणजे रंगाच्या अगदी हलक्या छटेत. आता टिंट कुठली आणि सावली कुठली तेच कळेना झालंय. परवा एका पार्टीला पीडीएफ पाठवायच्या आधी एक आडवी रेघ किती वेळ शोधत बसले, ती फाइलमध्ये नव्हतीच. आणि सध्या लग्नसराई, म्हणजे मॉनिटर दुरुस्तीला पाठवून बसायला वेळ नाही.

जागा वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर पत्रा. मे महिन्यात तिथं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. पंखा आणि कूलर आहे, एसी नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर. समोरचा मोबाइलवाला म्हणतो इन्व्हर्टरनेच स्क्रीन जाळली. माझा भाऊ म्हणतो यूट्यूबवर रंग भगभगणारा व्हिडिओ असतो, तो रात्रभर लावून ठेव. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर “हे नॉर्मल आहे मॅडम” एवढंच ऐकायला मिळालं. वॉरंटी अजून आहे. हे जातं का, की असंच राहणार?

झोपमोड

ताई, भाऊ बरोबर सांगतोय. भगभगणारा व्हिडिओ नाहीतर पूर्ण पांढरी स्क्रीन, रात्रभर. आमच्या ऑफिसात एका मॉनिटरवर एक्सेलच्या रेघा बसल्या होत्या, असंच करून गेल्या. जेस्क्रीनफिक्स म्हणून वेबसाइटही आहे, ती पण लावून बघा. कुठल्याही स्क्रीनला चालतं.

तपकीरगल्ली_काका

ताई, घाबरू नका. तुम्ही जे वर्णन करताय त्यावरून पॅनल जळलेलं वाटत नाही. तुमची आणि झोपमोडची दोघांची एकेक गोष्ट आधी खोडून काढतो, मग उपायाचं बघू.

इन्व्हर्टरचा काही संबंध नाही. घरातली वीज महावितरणची असो की इन्व्हर्टरची, मॉनिटरचा पॉवर सप्लाय ती आधी डीसी करतो, आणि पॅनलला लागणारे व्होल्टेज पुढे आतल्या बोर्डावर वेगळे तयार होतात. इन्व्हर्टर खराब असेल तर पॉवर सप्लाय उडेल. कोरलच्या टूलबारच्या आकाराचा डाग पडणार नाही.

आणि झोपमोड, “कुठल्याही स्क्रीनला चालतं” हे कृपा करून कुणाला सांगू नका. त्यावर खाली येतो.

आधी खात्री करून घ्या. करड्या रंगाचं पूर्ण स्क्रीनभर चित्र लावा, लाल-हिरवा-निळा तिन्ही १२८. सावली दिसली की प्रिंट स्क्रीन घ्या आणि ते चित्र मोबाइलवर उघडा. मोबाइलवर रेघा नसतील तर कोरल, विंडोज, ग्राफिक्स कार्ड सगळे निर्दोष. मग कुणाचा तरी लॅपटॉप केबलने त्याच मॉनिटरला जोडा, तोच करडा रंग लावा. सावली अजून तिथंच असेल तर ती पॅनलमध्ये आहे, वादच नाही.

आता हे होतं कसं. तुमचा आयपीएस म्हणजे एलसीडीचाच एक प्रकार, आणि एलसीडीत उजेड मागच्या दिव्यांचा असतो. पुढे द्रवस्फटिकाचा अगदी पातळ थर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा. त्याला व्होल्टेज दिला की तो वळतो आणि उजेड अडवतो किंवा सोडतो. हा व्होल्टेज दर फ्रेमला उलटवतात, एकदा प्लस, एकदा मायनस. असं न करता एकाच दिशेने दिला तर त्या थरात जे थोडेफार आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात ते हळूहळू एका काचेकडे सरकतात आणि तिथे जमून बसतात. मग चित्र बदललं तरी त्या पिक्सेलवर थोडा आगाऊ व्होल्टेज शिल्लक राहतो. तुमची सावली म्हणजे तो शिल्लक व्होल्टेज. करड्यावर ती ठळक का, तर मधल्या छटांत व्होल्टेज जरासा हलला तरी उजेड लगेच बदलतो. पूर्ण काळ्या-पांढऱ्याजवळ तेवढा बदलत नाही.

प्लस आणि मायनस तंतोतंत सारखे असतील तर हे फारसं होत नाही. प्रत्यक्षात थोडी तफावत राहतेच, आयपीएस पॅनलवर तिचा परिणाम जास्त दिसतो, आणि उष्णता वाढली की आयन जास्त मोकळे फिरतात. एप्रिलपासून सुरू झालं म्हणता, ते उगाच नाही. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असतं. तुमच्या पत्र्याखाली दुपारी किती होत असेल ते तुम्हीच बघा.

ही सावली साधारणपणे जाते. मॉनिटर बंद ठेवला तरी जाते, पूर्ण पांढरं किंवा हलतं चित्र ठेवलं तरी जाते. जितका वेळ एक चित्र अडकून होतं, तितका वेळ सोडायला लागेल असा अंदाज धरायचा. म्हणजे भावाचा व्हिडिओ तुमच्या मॉनिटरला घातक नाही, पण रात्रभर बॅकलाइट जाळून जे मिळवणार ते बटण बंद करून झोपलात तरी मिळेल. जेस्क्रीनफिक्स अडकलेल्या एकेका पिक्सेलसाठी आहे, त्याचा इथे विषय नाही.

आजपासून एवढं करा. मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, मागची जाळी मोकळी ठेवा, पंख्याचा वारा तिथून जाऊ द्या. कूलरचा दमट झोत थेट नको. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, मागचे दिवे हीसुद्धा उष्णताच आहे. विंडोजमध्ये स्क्रीन पाच मिनिटांनी बंद होईल असं ठेवा. कोरलच्या नव्या आवृत्त्यांत चौकटीचा रंग गडद करता येतो; पांढऱ्या चौकटीशेजारी काळी चिन्हं हा जो टोकाचा फरक आहे तो कमी झाला की सावलीही फिकी पडते. आणि पार्टी येऊन बसली, चहा मागवला, बोलणं लांबलं, की एफ ९ दाबून चित्र पूर्ण स्क्रीनवर घ्या किंवा सरळ स्क्रीन बंद करा.

स्क्रीनसेव्हर लावू का असं पुढे कुणीतरी विचारणार, म्हणून सांगून टाकतो. स्क्रीनसेव्हर आला तो काचेच्या जाड नळीवाल्या मॉनिटरसाठी. १९८३ च्या डिसेंबरमध्ये सॉफ्टॉक नावाच्या अमेरिकन मासिकात जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्रॅम छापला होता, तीन मिनिटं कुणी की दाबली नाही की पडदा काळा. बस, एवढंच काम. उडणारे टोस्टर वगैरे करमणूक नंतरची. त्या नळ्यांत फॉस्फर खरंच जळायचा. माझ्याकडे हिशोबाच्या डॉस प्रोग्रॅमवाले हिरव्या अक्षरांचे मॉनिटर यायचे, मॉनिटर बंद असतानाही काचेवर मेनू वाचता यायचा. त्याला इलाज नव्हता, नळी बदला नाहीतर तसाच वापरा. तुमचं तसं नाही. तुम्हाला स्क्रीनसेव्हरपेक्षा स्क्रीन बंद होणं बरं, वीजही वाचते आणि तापतही नाही.

चाचणी करून इथे लिहा. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर सावली असते का, आणि कोरल उघडल्यावर किती वेळाने परत उमटते, हे दोन्ही बघा.

बाजार_सव्वानऊ

काका, मध्येच घुसतो. माझा ओएलईडी आहे. शेअर बाजाराचं काम, सव्वानऊ ते साडेतीन वॉचलिस्ट, म्हणजे नजर ठेवायच्या शेअर्सची यादी, डाव्या बाजूला जागची हलत नाही, उरलेल्या भागात चार्ट. संध्याकाळी त्याच मॉनिटरवर सिनेमा. झीज होणार हे धरूनच घेतला होता, काळा रंग इतका काळा दुसऱ्या कशावर दिसत नाही, त्यामुळे तक्रार नाही. पण आता करड्यावर वॉचलिस्टची उभी कड दिसायला लागलीय. मॉनिटर अधूनमधून पिक्सेल रिफ्रेश करू का म्हणून विचारतो, बाजार चालू असताना मी ते टाळतो. आणि आमच्या घरी आई रात्री झोपायच्या आधी घरभरची बटणं बंद करत फिरते, त्यात मॉनिटरचंही जातं. झोपमोडचा पांढऱ्या स्क्रीनचा उपाय मी करू का?

तपकीरगल्ली_काका

अजिबात नाही! याच्यासाठीच मघाशी ओरडलो.

दोन्ही ठिकाणी डोळ्यांना सावलीच दिसते, पण आत घडतं ते वेगळं. ताईंच्या मॉनिटरवर काही झिजलेलं नाही, भार साचलाय, तो ओसरेल. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक उपपिक्सेल (पिक्सेलमधला लाल, हिरवा, निळा ठिपका) स्वतः उजळतो आणि उजळता उजळता झिजतो. निळा उजेड देणारं द्रव्य सगळ्यात लवकर थकतं. जिथे वॉचलिस्ट सहा तास पेटलेली तिथले पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजले, म्हणून तिथे उजेड कमी. कॅलेंडर वर्षानुवर्षं एकाच खिळ्यावर असलं की काढल्यावर भिंतीवर चौकोन दिसतो, तसला प्रकार. इथे पांढरी स्क्रीन रात्रभर लावणं म्हणजे वॉचलिस्टचा भाग आणि शेजारचा भाग दोन्ही आणखी झिजवणं. फरक थोडा पुसट होईलही, पण पॅनलचं आयुष्य खर्चून.

तुमचं काम पिक्सेल रिफ्रेश करतो. त्यात मॉनिटर पिक्सेलची विद्युत स्थिती तपासून आपली भरपाई नव्याने जुळवतो. बऱ्याच ओएलईडीवर साधारण ४ तासांच्या एकूण वापरानंतर एक छोटी फेरी होते, ती मॉनिटर स्टँडबायमध्ये गेला की आपोआप चालते आणि काही मिनिटांत उरकते. भिंतीवरचं बटण बंद केलंत तर स्टँडबायच राहत नाही, फेरी होणार कशी? तेव्हा आईंना सांगा, एवढं एक बटण चालू राहू दे. तांबड्या दिव्याची वीज किरकोळ असते. लांबलचक फेरी मात्र हौस म्हणून वारंवार करू नका, मॉनिटर मागेल तेव्हाच.

साडेतीनला बाजार बंद झाला की लगेच एक रिफ्रेश द्या आणि जेवून घ्या. टास्कबार आपोआप लपेल असं करा, चार्टची पार्श्वभूमी काळी, वॉचलिस्टची अक्षरं पांढरीशुभ्र न ठेवता राखाडी. महिन्याने वॉचलिस्ट उजवीकडे न्या. ब्राइटनेस दिवसा कामापुरता ठेवा: उजेड दुप्पट केला तर झीज दुपटीहून जास्त होते. सिनेमाच्या वेळी वाढवा हवा तेवढा.

काही कंपन्या ओएलईडी मॉनिटरवर ३ वर्षांची वॉरंटी देताना बर्न-इन, म्हणजे झिजून कायमचा उमटलेला डाग, त्यात धरलंय असं स्पष्ट लिहितात. तुमच्या कार्डावर तसं आहे का बघा. असेल तर उभी कड आणखी ठळक व्हायची वाट बघत बसू नका, आत्ताच फोटो काढून ठेवा.

झोपमोड

ओके काका, समजलं. आमच्या ऑफिसचे सगळे साधे आयपीएसच आहेत. माझा स्वतःचा फोन ओएलईडी आहे आणि त्यावर बॅटरीचं चिन्ह उमटलंय, आता त्याला पांढरी स्क्रीन लावणार नाही 🙂

चाररंगी_कोल्हापूर

ताई, मी छपाईवाला, मॉनिटरमधलं मला काकांएवढं कळत नाही. पण टिंटचं वाचलं आणि राहवलं नाही.

६ टक्के टिंट स्क्रीनवर बघून ठरवायची नसते ओ. मॉनिटर नवा कोरा असला तरी नाही. कोरलमधलं आयड्रॉपर, म्हणजे रंग मोजायचं टूल, घ्या, त्या जागेवर ठेवा, आकडा वाचा. सायन किती, मॅजेंटा किती, काळा किती. सावली आकड्यात येत नाही. तुमच्या प्रेसवाल्याकडून एकदा टिंटचा तक्ता छापून घ्या, ३, ५, ८, १०, १५ टक्के, तुम्ही नेहमी वापरता त्या कार्डाच्या कागदावरच. मेटॅलिक कागद घेत असाल तर त्याचा वेगळा. तो टेबलावर काचेखाली. पार्टीला पण तोच दाखवायचा, “कलश एवढा फिकट येणार” म्हणून. साध्या ऑफसेटला ३ टक्क्यांखालचा ठिपका प्लेटवर टिकेलच असं नाही, आणि ८ टक्के टाकलेला छपाईत थोडा पसरून जास्त दिसतो. स्क्रीन यातलं काहीच सांगत नाही.

दुसरं म्हणजे ही चर्चा वाचून ओएलईडी घ्यायचं मनात आलं असेल तर थांबा. माझ्या पुतण्यानं क्यूडी-ओएलईडी, म्हणजे ओएलईडीचाच एक प्रकार, घेतलाय, गेम खेळायला भारी आहे. मी त्यावर पत्रिका उघडून बघितली. त्या पॅनलमध्ये लाल, हिरवा, निळा एका ओळीत नसतात, त्रिकोणात असतात. त्यामुळं आडव्या कडेला वर-खाली हिरवट-जांभळट झाक येते. इंग्रजी अक्षरांना आडव्या रेघा मोजक्याच, आपल्याकडं प्रत्येक शब्दावर शिरोरेषा! बारीक टायपात “आपली उपस्थिती प्रार्थनीय” लिहिलं की अख्खी ओळ रंगीत कडेची दिसत होती. वर तुमचं टूलबॉक्स दिवसभर एका जागी, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत खरंच जळणार. आपल्या धंद्याला आयपीएसच बरा.

पत्रिकावाली_सोलापूर

सगळ्यांचे आभार. चाररंगी दादा, तक्त्याचं उद्याच सांगते प्रेसला. आतापर्यंत माझ्याकडं फक्त रंगांचं शेडकार्ड होतं, टिंटचं असं काही नव्हतं.

काका, चाचणी केली. प्रिंट स्क्रीन मोबाइलवर एकदम स्वच्छ. भावाचा लॅपटॉप जोडला, कोरल त्यात नाहीच, तरी करड्यावर माझं टूलबॉक्स दिसलं. भाऊ हसत बसला.

सकाळी चालू केल्यावर सावली जवळजवळ नसते, डोळे बारीक करून बघितलं तर पट्टीची कड कळते. कोरल उघडलं की तासाभरात परत उमटायला लागते. दुपारी तीनच्या सुमारास सगळ्यात वाईट. ब्राइटनेस निम्मा केला आणि मॉनिटर पुढं ओढला, थोडा फरक पडलाय, गेलं नाही. माझ्या टेबलावर जुना १९ इंची मॉनिटर पण आहे, त्यावर मी मेल आणि व्हॉट्सअॅप ठेवते. तोही आयपीएसच, त्याच पत्र्याखाली, त्याच इन्व्हर्टरवर. त्याच्यावर काही नाही. मग फक्त यालाच का?

तपकीरगल्ली_काका

आता चित्र स्पष्ट झालं, आणि तुमचा जुना मॉनिटर चांगला साक्षीदार आहे. मेल-व्हॉट्सअॅपचं चित्र हलतं असतं हे खरं, पण तरी तासाभरात उमटणं हे नव्या पॅनलला शोभत नाही. उष्णतेने त्रास वाढतो, मूळ बिघाड बहुतेक दुसरीकडे आहे.

मघाशी प्लस-मायनस म्हणालो, त्या दोन्हींचा मधला बिंदू असतो. आम्ही त्याला व्हीकॉम म्हणतो. तो कारखान्यात जुळवतात, पडद्यावर खास नक्षी लावून लुकलुक कमीत कमी होईल तिथे. जुन्या पॅनलांवर त्यासाठी बोर्डावर बारीक ट्रिमर असायचा, मी कैक पॅनल तो फिरवून ताळ्यावर आणलेत. आता तो आकडा चिपमध्ये साठवलेला असतो. व्हीकॉम सरकलेला असेल तर प्रत्येक पिक्सेलला सतत थोडा डीसी मिळत राहतो आणि आयन साचत राहतात. तुमच्या मॉनिटरला हेच असावं असा माझा अंदाज आहे. लागोमची एलसीडी चाचणी म्हणून जुनी वेबसाइट आहे, तिच्यावर इन्व्हर्शनचं, म्हणजे या प्लस-मायनस उलटण्याच्या चाचणीचं, पान उघडा आणि दोन्ही मॉनिटरवर तीच चौकट शेजारी शेजारी बघा. एखाद्या चौकटीत हलकी लुकलुक चांगल्या मॉनिटरलाही असते. नव्यावर ती डोळ्यांत खुपण्याइतकी असेल तर माझा अंदाज पक्का समजा. घरी उघडून काही करू नका, वॉरंटी जाईल.

वॉरंटीत बदलून मागा. पण “सावली दिसते” म्हणून फोन केलात तर परत “नॉर्मल आहे मॅडम”. त्यांना पुरावा द्यायचा तो असा.

मॉनिटर एक दिवस घरी न्या, सगळ्यात गार खोलीत. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर जागा गरम आहे म्हणून हात झटकतील. कोरलमध्ये काळ्या-पांढऱ्या मोठ्या चौकोनांचा बुद्धिबळाचा पट करा, पूर्ण स्क्रीनभर, तासभर लावून ठेवा. पॅनल बनवणारेही सावलीची परीक्षा असल्याच पटावर घेतात. तास झाला की लगेच करडा १२८ लावा आणि फोटो काढा. मग पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने.

फोटो मोबाइलच्या नेहमीच्या मोडमध्ये काढू नका, तो स्वतःच उजेड जुळवून सावली खाऊन टाकतो. प्रो मोड घ्या, आयएसओ आणि शटर एकदा ठरवून सगळ्या फोटोंना तेच ठेवा. शटर १/३० च्या आसपास, जास्त वेगवान नको, नाहीतर पट्टे येतात. खोलीतला दिवा बंद, मोबाइल स्टँडवर, स्क्रीनपासून दोन हात लांब. जवळून काढलात की पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याची जाळी मिळून लाटांसारखी नक्षी येते आणि समोरचा माणूस त्यालाच दोष समजतो. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात घड्याळ येऊ द्या. तेच सगळं जुन्या मॉनिटरवरही करा.

तक्रार मेलवर लिहा, फोनवर नाही. एक तासाच्या पटाची सावली अर्ध्या तासानेही दिसते, दुसऱ्या मॉनिटरवर दिसत नाही, फोटो जोडले आहेत. एवढ्या तीन वाक्यांत. “माझं काम अडलंय” वगैरे लिहू नका, त्याने फाइल पुढे सरकत नाही.

चाररंगी_कोल्हापूर

काका, तुम्हाला आमच्या मशीनच्या कंपनीला मेल लिहायला बसवायला पाहिजे.

बाजार_सव्वानऊ

माझ्याकडून अपडेट. आईला सांगून बटण चालू ठेवलं, त्यावर “वीज जळते” हे रोज ऐकतोय. साडेतीनला रिफ्रेश देतो. उभी कड गेलेली नाही पण आधीपेक्षा फिकी वाटते. वॉरंटी कार्डावर बर्न-इन आहे, तुमचं ऐकून फोटो काढून ठेवले.

पत्रिकावाली_सोलापूर

लग्नसराईच्या गडबडीत उशिरा लिहितेय. पट लावून फोटो काढले, घरी फरशीच्या खोलीत, रात्री. नव्या मॉनिटरवर अर्ध्या तासानंतरही चौकोन मोजता येत होते. जुन्यावर पहिल्या फोटोतसुद्धा नव्हते. इन्व्हर्शनच्या पानावर नवा इतका लुकलुकला की माझ्या मुलीनं तोंड फिरवलं.

मेल काकांनी सांगितला तसा तीन वाक्यांत. आधी विंडोज अपडेट करा असं उत्तर आलं. मी तेच फोटो परत पाठवले आणि प्रिंट स्क्रीनमध्ये सावली येत नाही एवढं एक वाक्य जोडलं. मग माणूस आला, करडा रंग लावून बघितला, फार काही बोलला नाही. आठवड्याभरात बदली मॉनिटर आला.

आता यावर दिवसभर कोरल ठेवून रात्री अगदी हलकी सावली येते, सकाळी नसते. चौकट गडद केलीय, पहिले दोन दिवस चिन्हं सापडेनात, आता सवय झाली. टिंटचा तक्ताही छापून आला. गंमत म्हणजे ८ टक्क्यांचा कलश कागदावर मला वाटत होता त्यापेक्षा बराच गडद निघाला, आता ५ वर आणलाय.

झोपमोड

कंपनी कुठली ते तरी सांगा, म्हणजे आम्ही घेणार नाही.

पत्रिकावाली_सोलापूर

नाव राहू दे. बदलून दिलाय त्यांनी, आणि एका नगावरून काय ठरवायचं.

काका, एकच विचारायचं राहिलं. बदली मॉनिटरला वॉरंटी नव्यानं सुरू होते का जुनीच?

तपकीरगल्ली_काका

बहुतेक ठिकाणी जुन्या पावतीची मुदतच पुढे चालते, नव्याने सुरू होत नाही. बदलीसोबत जो कागद आला त्यावर नव्या नगाचा सीरियल नंबर लिहिलाय का बघा, नसेल तर मेल करून लिहून घ्या. पुढे वाद होतो तो या नंबरावरूनच. आणि पटाची फाइल पुसू नका. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी, शक्यतो उन्हाळ्यातच, हीच परीक्षा एकदा परत घ्या.